क्लाऊडच्या बातमीत ऑपरेटिंग सिस्टीमबद्दलही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्लाऊडबद्दल पेपरात बरंच येतं, डेटा सेंटर केवढं, गुंतवणूक किती, एआयची चिप कुठली, पण ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे सगळं चालतं तिच्याबद्दल एक ओळ नसते. सर्व्हिस बंद पडली की 'तांत्रिक बिघाड' लिहून विषय संपतो.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातल्या सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स बंद पडल्या, विमानं रखडली, हॉस्पिटलं अडकली. चूक एका छोट्या फाईलमध्ये होती, पण ती वाचणारा ड्रायव्हर (सिस्टीमला जोडलेला छोटा प्रोग्राम) थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात बसलेला, आणि कर्नलमध्ये एक जण कोसळला की अख्खी मशीन घेऊन कोसळतो. तेच काम कर्नलच्या बाहेर चालत असतं तर तेवढा एक प्रोग्राम मेला असता, सिस्टीमने तो परत चालू केला असता. क्लाऊडमध्ये तर अजून पंचाईत, समोर कीबोर्ड घेऊन कोणी बसलेलं नसतं, कित्येकांना बिघडलेल्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा कॉम्प्युटर) डिस्क काढून दुसऱ्या व्हीएमला जोडून ती फाईल डिलीट करावी लागली.

यावर ठरलेलं उत्तर येतं की सगळं वेगवेगळं ठेवलं तर स्पीड जातो. मला हे आता पटत नाही. ॲमेझॉनने 2018 मध्ये व्हीएम चालवणारं फायरक्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर आणलं, त्यात जुन्या पीसीच्या हार्डवेअरची नक्कल करणारा सगळा पसारा काढून टाकला, नेटवर्क, डिस्क अशी मोजकीच उपकरणं ठेवली. व्हीएम साधारण 125 मिलिसेकंदात सुरू होते आणि एका व्हीएममागे मेमरीचा जादा खर्च 5 एमबीच्या आत, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा वेगळा कर्नल मिळूनही एका सर्व्हरवर हजारो व्हीएम मावतात. भरवसा आणि वेग दोन्ही मिळाले ते नको ते काढून टाकल्यामुळे, अजून काही घालून नाही!

एसईएलफोर (seL4) नावाचा मायक्रोकर्नल, म्हणजे अगदी मोजकीच कामं आत ठेवणारा कर्नल, तर जेमतेम 8,700 ओळींचा, तो बरोबर चालतो हे 2009 मध्ये गणिताने सिद्ध केलंय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचा कोड 3 कोटी ओळींच्या पुढे गेलाय. मान्य, त्यात बराचसा भाग ड्रायव्हरचा, सगळा काही एका सर्व्हरवर चढत नाही, आणि एसईएलफोरवर आजचे प्रोग्राम जसेच्या तसे चालणारही नाहीत. पण दिशा कुठली ते तरी कळतं ना.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी क्लाऊड कंपनीच्या लोकांशी बोलाल तेव्हा हे विचारा: कर्नलमध्ये बाहेरचा कोड किती चालतो, अपडेट आधी थोड्या मशीन्सवर टाकून बघता का, आणि ते फसलं तर सिस्टीम आपोआप जुन्या व्हर्जनवर जाते का. जी उत्तरं मिळतील ती छापा, टाळाटाळ केली तर तीही छापा.

आपला,
एक वाचक