मध्यम लहरी ऐकायच्या तर आधी घरातले दिवे तपासा

संपादक महोदय,

मध्यम लहरींवर, म्हणजे रेडिओच्या मीडियम वेव्हवर, आता खरखरीशिवाय काही उरलेले नाही, ही प्रक्षेपणे बंद झाली तरी कोणाचे काही बिघडणार नाही, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. खरखर आहे, हे मान्य. पण तिच्यातली बरीचशी आपल्याच घरातून उठते आणि थोडी खटपट केली तर घालवता येते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. हडपसरला राहते. माहेर नागपूरचे, त्यामुळे रात्री ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचे नागपूर केंद्र लागते का, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या ओढीतूनच हे सगळे शिकले.

माझ्याकडे महागडा रिसीव्हर नाही. लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारी, अंगठ्याएवढी आरटीएल-एसडीआर डोंगल आहे. ही वस्तू मुळात डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनली. तिच्यातल्या रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चा सिग्नल संगणकात घेता येतो, हे २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी शोधले आणि सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ सामान्यांच्या खिशाला परवडू लागला. तिच्यातला आर८२०टी२ हा ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. मध्यम आणि लघुलहरी ऐकायच्या तर एक तर सिग्नल वरच्या वारंवारतेला नेणारा अपकन्व्हर्टर लावायचा, नाही तर ट्यूनरला वळसा घालून अँटेना थेट चिपला जोडायची. याला डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणतात. काही डोंगलांत ही सोय आतच असते, सॉफ्टवेअरमध्ये ‘क्यू ब्रँच’ निवडले की झाले. मात्र या पद्धतीत ट्यूनर वापरातच नसतो, म्हणून गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, सरकपट्टा कितीही हलवला तरी फरक पडत नाही. नवशिके इथेच कंटाळतात आणि डोंगल कपाटात जाते.

या डोंगलचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो खरखर डोळ्यांनी पाहण्यासाठी. पडद्यावरच्या वॉटरफॉलमध्ये, म्हणजे सिग्नलांच्या वरून खाली सरकत जाणाऱ्या चित्रात, प्रत्येक केंद्र एका सरळ रेघेसारखे दिसते. घरातला उपद्रव वेगळा दिसतो: दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला एक जाड, थरथरती, हळूहळू सरकणारी पट्टी. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफाय राउटरचे अडॅप्टर यांच्यातला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, त्याच्या या पट्ट्या. हा उपद्रव बाहेर पडू नये म्हणून आत एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर बसवायचा असतो. स्वस्त मालात नेमका तोच वाचवतात.

लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच बंद करा आणि पडद्याकडे बघा. माझ्याकडे खरखरीची तळाची पातळी झपकन खाली आली आणि जिथे काहीच नव्हते तिथे रेघा उमटल्या. मग एकेक एमसीबी वर करत गेले. स्वयंपाकघरातले एलईडी बल्ब, राउटरचे अडॅप्टर आणि लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर हे गुन्हेगार निघाले. बल्ब बदलले, अडॅप्टर बदलले, ऐकताना चार्जर काढून ठेवते. जिन्यातला दिवा मात्र सोसायटीचा, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरा चोरवाटेचा प्रवेश केबलमधून. अँटेनाच्या कोॲक्स केबलची बाहेरची जाळी आणि यूएसबीची वायर घरातला उपद्रव उचलून थेट डोंगलपर्यंत आणतात. यावर फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्याचा उपाय आहे, पण वायर कड्यातून एकदा ओवून मध्यम लहरींवर फारसा फायदा होत नाही. कड्याने उपद्रवाला होणारा रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एकाच मोठ्या कड्यावर दहा-बारा वेढे घ्यावेत. तापकीर गल्लीत विचारले तर कडी मिळतात. घराच्या अर्थिंगला अँटेना जोडू नये, त्या तारेतून सगळ्या इमारतीची खरखर आत येते.

अँटेनाच्या लांबीपेक्षा तिची जागा महत्त्वाची. गच्चीवर तार ओढायला सोसायटीने परवानगी दिली नाही. मग मी गॅलरीत, लोखंडी ग्रिलच्या बाहेर, सुमारे मीटरभर व्यासाचे तारेचे लूप टांगले. लूपचा गुण असा, की ते फिरवले तर एका दिशेचा उपद्रव जवळजवळ नाहीसा करता येतो. जिन्यातल्या त्या दिव्याला मी असेच गप्प केले. वळवाचे ढग दिसले की मात्र अँटेना काढून ठेवावी. विजांचा कडकडाट मध्यम लहरींवर ऐकू येणारच, त्याला इलाज नाही.

हडपसरकरांची एक खास अडचण आहे. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण आमच्या उशालाच होते. यात आकाशवाणीचा दोष नाही, उलट १९५३पासून हे केंद्र आमच्या सोबतीला आहे. पण डोंगलची चिप आठ बिटची, म्हणजे लहानमोठे सगळे सिग्नल तिला २५६ पायऱ्यांतच मोजायचे असतात आणि डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये सगळे एकदम आत शिरतात. दारात ढोल-ताशा पथक उभे असताना आतल्या खोलीतले बोलणे ऐकू येत नाही, तशी बाकीच्या केंद्रांची गत होते. शिवाय १५८४ आणि २३७६ किलोहर्ट्झवर, म्हणजे दुपटी-तिपटीवर, पुणे केंद्राची भुतेही दिसतात. उपाय म्हणून २०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि साधारण २०० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडून ७९२ किलोहर्ट्झला अडवणारा तो सापळा अँटेनाच्या वाटेत घातला. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कपॅसिटर, वापरला तर तो फिरवून ७९२ नेमका पकडता येतो. महाग डोंगल किंवा अँटेनाचा ॲम्प्लिफायर घेण्याआधी हे करावे. प्रक्षेपकाजवळ राहणाऱ्यांना ॲम्प्लिफायरने बहुधा तोटाच होतो.

लघुलहरींवर आणखी एक फसगत होते. चिप सेकंदाला २ कोटी ८८ लाख नमुने घेते, म्हणून त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झच्या, वरचे सिग्नल आरशातल्यासारखे उलटून खाली दिसतात. १५,२०० किलोहर्ट्झवरचे केंद्र १३,६०० वर सापडते. १४ मेगाहर्ट्झच्या आसपास वरचे सिग्नल कापणारा लो-पास फिल्टर लावला की ही सरमिसळ बरीच कमी होते. आपली सुधारणा मोजायला मी चीनचे बीपीएम हे वेळदर्शक केंद्र वापरते. १०,००० किलोहर्ट्झवर त्याची टिकटिक किती स्पष्ट येते, यावरून बदलाचा उपयोग झाला की नाही ते कळते.

एवढे झाल्यावर नागपूर रात्री लागते. आवाज मधूनच फाटतो, तेव्हा सॉफ्टवेअरमधले सिंक्रोनस एएम, म्हणजे असा फाटणारा आवाज सावरणारी पद्धत, निवडते आणि सिग्नलच्या दोन बाजूंपैकी शेजारच्या केंद्राचा त्रास जिथे कमी, तेवढीच बाजू ऐकते. बातम्यांतला शब्द न् शब्द कळतो.

आता माझे मागणे. खोक्यावर वॅट आणि ल्युमेन छापतात, तसे बल्बने रेडिओ-उपद्रवाची मर्यादा पाळली आहे का, हेही छापावे. दिव्यांसाठी सीआयएसपीआर १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. ग्राहकांनी दुकानात खिशातला ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मध्ये लावून पेटत्या बल्बजवळ धरावा. भुणभुण वाढली तर तो बल्ब परत द्यावा. वेल्हे-मुळशीच्या डोंगरांआड एफएम पोचायला अडते, तिथे मध्यम लहरी जमिनीला धरून पोचतात. शहरातल्या खरखरीवरून त्या निकाली काढणे हा त्या गावांवर अन्याय आहे.

आमच्या सोसायटीने जिन्यातले सगळे दिवे या महिन्यात बदलायचे ठरवले आहे. खरेदीला सेक्रेटरींबरोबर मी ट्रान्झिस्टर घेऊन जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, हडपसर, पुणे