ॲक्रिलिकचा हात छोट्या कागदावरच बसतो

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी ॲक्रिलिक रंगकाम शिकण्याविषयी आलेला लेख वाचला. रंग कुठले घ्यावेत, ब्रश कसे निवडावेत, खर्च किती येतो, ही माहिती नीट दिली आहे. पण त्यातले दोन सल्ले काही मला पटले नाहीत. नवशिक्याने एकदम दोन-अडीच फुटांचा कॅनव्हास घ्यावा म्हणजे भीती मोडते, हा एक. आणि बिघडलं तर काय, वरून रंग मारता येतोच, हा दुसरा. पहिल्याने पैसे जातात आणि दुसऱ्याने सवय बिघडते.

मी कोल्हापुरातला बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची अक्षरं, तालमींच्या भिंती, मंडळांचे पडदे यातच उमेद गेली. पुढं फ्लेक्स आला आणि धंदा बसला, ते रडगाणं इथं गात नाही. हात रिकामा राहवेना म्हणून ॲक्रिलिककडे वळलो. आयुष्यभर ऑइल पेंटची सवय असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं की हा रंग आपल्या तालावर चालणारा नाही, आपणच त्याच्या तालावर चालायचं.

ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेत हळूहळू वाळतो. सकाळी टाकलेलं अक्षर दुपारीही जरा इकडंतिकडं करता येतं, ओलं असेपर्यंत टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पाटी कोरी. ॲक्रिलिकची गोष्ट वेगळी. त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात. संपलं काम. वैशाखात आमच्या पत्र्याच्या खोलीत पातळ हात पाच मिनिटांत बसतो, आणि आषाढात झड लागली की तोच हात बराच वेळ ओलसर राहतो. पण एकदा पापुद्रा धरला की पाण्याने तो सुटायचा नाही.

आता याचा आणि आकाराचा संबंध बघा. संध्याकाळचं साधं आकाश घ्या, वर गडद निळं, खाली येत येत फिकट. दोन-अडीच फुटांच्या कॅनव्हासवर नवशिका डावीकडून उजव्या कडेला पोचेस्तोवर डावी कड वाळलेली असते. मग तो घाबरून परत तिकडं ब्रश नेतो, अर्धवट वाळलेला रंग गोळा होऊन निघतो, पट्टे पडतात. आणि बिचारा समजतो की आपल्यात कला नाही! अहो, कलेचा प्रश्नच नाही, रंग वाळण्याचा आहे. चार बाय सहा इंचाच्या कागदावर अख्खं आकाश ओलं असतानाच गडद आणि फिकट एकात एक जिरवता येतं. हात सरावला की मग मोठ्या कॅनव्हासवर पाण्याचा फवारा मारा, वाळण्याचा वेग कमी करणारं रिटार्डर घाला, रुंद ब्रश घ्या, हे सगळं आहेच. पण ते नंतर.

छोट्या अभ्यासाचा दुसरा फायदा म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या पद्धतींनी शेजारी शेजारी रंगवता येते. नुसत्या बोलण्यापेक्षा उदाहरण देतो. आमच्याकडे गुऱ्हाळं सुरू झाली की घरात गुळाची ढेप येते. ढेप फोडल्यावर निघालेला एक खडा मी खिडकीत ठेवला. जाड कागदावर मास्किंग टेपने चार चौकोन पाडले, प्रत्येक साधारण पोस्टकार्डाच्या निम्मा. पहिल्यात यलो ओकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा कालवून, डोळ्यांना दिसला तो रंग सरळ लावून टाकला. रंग तंतोतंत जुळला, पण गूळ काही दिसेना. भिंतीला डिस्टेंपर दिल्यागत मुकाट बसला.

दुसऱ्या चौकोनात पांढऱ्या अस्तरावर आधी उजळ पिवळा दिला. तो वाळल्यावर चमचाभर ग्लॉस मीडियममध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या बिनरंगी चकचकीत द्रावणात, मुगाएवढी बर्न्ट सिएना कालवून तिची पातळ झाक दिली. वाळली की पुन्हा तीच झाक, कडेच्या सावलीत आणखी एक. तिसऱ्या हाताला खडा आतून उजळल्यासारखा दिसायला लागला. याचं कारण असं की पारदर्शक थरांतून उजेड खालच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत जातो आणि परत येतो. टायटॅनियम पांढरा कालवलेल्या रंगात तो वरच्या वर अडतो. इथं मीडियमऐवजी नुसतं पाणी ओतून रंग पातळ करू नये. पाणी फार झालं की रंगाला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो, आणि वाळल्यावरही ओलं फडकं लागलं तर रंग उठून येतो.

तिसऱ्या चौकोनात ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून खरखरीत अस्तरावरून नुसता घासला. फोडलेल्या बाजूचा रवा होता ना, तो त्यात आला. तसा रवा एकेक ठिपका देत बसून येत नाही. चौथ्यात आधी सगळी जमीन सिएनाने रंगवली आणि वर पॅलेट नाइफने जाड रंग ठेवला, मधे मधे खालचा तांबूस उघडा सोडला. चारांत हाच सगळ्यांत देखणा उतरला, फक्त तो गूळ न वाटता फुटकी वीट वाटतो. पुढच्या वेळी विटांची भिंत रंगवताना कामाला येईल म्हणून जपून ठेवलाय. हे सगळं एका दुपारी, एका कागदावर झालं. हेच चार मोठ्या कॅनव्हासवर करायचं म्हटलं तर महिना गेला असता आणि पांढऱ्याची ट्यूब संपली असती.

'वरून रंग मारता येतो' याबद्दल. येतो, पण खालच्या जाड फटकाऱ्यांचे उंचवटे तसेच राहतात आणि बाजूने उजेड पडला की वर डोकावतात. ते घालवायचे तर पॉलिश पेपर घेऊन घासत बसा. शिवाय सगळे रंग झाकणारे नसतात. बऱ्याच कंपन्यांच्या ट्यूबवर एक बारीकसा चौकोन छापलेला असतो. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर अर्धपारदर्शक, पूर्ण भरला असेल तर झाकणारा. शेजारी रंगद्रव्याचा क्रमांक असतो, जसा अल्ट्रामरीन या गडद निळ्याचा पी.बी. २९. आणि नावापुढं 'ह्यू' लिहिलं असेल तर तो सहसा त्या रंगाशी मिळताजुळता, बहुतेक वेळा स्वस्तातला पर्याय समजावा. 'कॅडमियम यलो ह्यू'मध्ये कॅडमियम शोधू नका. लेखात ब्रशांवर एवढं लिहिलंय, मग ट्यूब कशी वाचायची यावर चार ओळी यायला हव्या होत्या.

आणखी एक गोष्ट छोट्या कागदावरच ध्यानात येते. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. ओला असताना त्यातला बाइंडर दुधाळ असतो, म्हणून रंग फिका भासतो. वाळला की तो काचेसारखा स्वच्छ होतो आणि रंग खाली उतरतो. रंकाळ्याच्या पाण्यात संध्यामठाची सावली पडते, ती गडद हिरवट निळी ओल्या रंगाने जुळवाल तर घरी येईपर्यंत काळपट झालेली असते. गडद रंगात हा फरक जास्त दिसतो, भरपूर पांढरा असलेल्या रंगात कमी. उपाय सोपा आहे. कागदाच्या पट्टीवर एक बोट रंग लावायचा, वाळू द्यायचा, मग ती पट्टी समोरच्या दृश्यापुढं धरून बघायची. आम्ही पाटीच्या कामातही रंग जुळवताना असंच करायचो.

छोटी कामं म्हणजे पोराटोरांचा खेळ, असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचं 'अ बिगर स्प्लॅश' हे १९६७चं चित्र जगभर माहीत आहे. कॅलिफोर्नियातला पोहण्याचा तलाव आणि कुणीतरी सूर मारल्यावर उडालेलं पाणी, एवढंच त्यात आहे. जवळपास आठ फूट बाय आठ फूट, आणि ॲक्रिलिकमध्येच. पण १९६६ मध्ये त्यानं हाच विषय आधी सुमारे सोळा बाय वीस इंचांत रंगवला होता, मग सहा फुटांत, आणि आठ फुटांवर गेला तो त्यानंतर. त्यातले सपाट भाग त्यानं रोलरने दिले आणि क्षणात उडून जाणारं ते पाणी बारीक ब्रशांनी सुमारे दोन आठवडे रंगवत बसला. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे छोटे अभ्यास केले. माध्यम तैलरंग, पण रीत तीच. अनेकांच्या मागं त्यानं तारीख, वेळ, वारा कुठून होता हेही लिहून ठेवलंय. ती सवय मी उचलली. कागदाच्या पाठीवर कुठल्या ट्यूबा, किती हात, मीडियम किती, हे लिहितो. नाहीतर महिन्याने स्वतःचंच काम बघून 'हे कसं केलं बुवा?' म्हणायची पाळी येते.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आमच्या गावचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी आणि तीच झाडी निरनिराळ्या उजेडात रंगवली. नवशिक्यांनी एक सुट्टी तिथं घालवावी. शहरात निम्म्या लोकांना ती चित्रं तिथं आहेत हेच ठाऊक नाही.

हल्ली रविवारची दोन तासांची वर्कशॉपं निघाली आहेत. रंग कालवून दिलेले, समोर नमुना, आणि येताना प्रत्येकाच्या हातात तोच सूर्यास्त, तेच नारळाचं झाड. लोकांचा वेळ मजेत जातो, त्याला माझी हरकत नाही. पण रंग दुसऱ्याने कालवून दिला तर शिकायचं काय राहिलं? सगळी गंमत कालवण्यातच आहे. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घालत घालत थंड करड्यावरून उबदार करड्यापर्यंत एक पट्टी कुणी बनवून बघावी. काळ्याची ट्यूब विकत घ्यायची इच्छाच राहणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर माझे कागद फुकटचे आहेत. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे. गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरने घासायची आणि जेसोचे, म्हणजे रंग धरायला देतात त्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यायचे. एकाच बाजूला दिले की पुठ्ठा वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक. असे पुठ्ठे कालांतराने पिवळे पडतात, तेव्हा विकायचं चित्र यावर काढू नये, अभ्यासाला मात्र उत्तम. पॅलेट म्हणून स्टीलचा चपटा डबा, तळाशी ओलं फडकं, त्यावर बटर पेपर. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नये, हेही लेखात यायला हवं होतं. हे शेवटी प्लास्टिकच आहे. ब्रश आधी फडक्यावर पुसावा, मग धुवावा. ते पाणी बादलीत निवळू द्यावं आणि खाली बसलेला गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा. आमच्या पंचगंगेच्या नशिबी आधीच पुष्कळ आहे.

आता आपल्याकडे दोन मागण्या. पुरवणीत वाचकांची चित्रं छापता ती छापाच, पण महिन्यातून एकदा तयार चित्राऐवजी कुणाचा तरी अभ्यासाचा कागद छापा. त्यात फसलेले चौकोनही असू देत. आणि कुठलंही चित्र छापताना खाली त्याचा आकार आणि माध्यम द्या. पोस्टकार्डाएवढं काम आणि आठ फुटी कॅनव्हास दोन कॉलमांत छापले की सारखेच दिसतात, मग वाचकाला वाटतं सगळी चित्रं मोठीच असतात. जागेची अडचण असेल तर चित्रकाराच्या नावाचा टाइप एक पॉइंटने कमी करा, तेवढ्यात ती ओळ बसते. पाट्या रंगवताना आम्ही हेच करत आलो.

कळावे,

आपला नम्र,
एक जुना बोर्ड पेंटर,
कोल्हापूर