मंत्रीसाहेब, एकदा रात्री दोन वाजता आमच्या यार्डात या

मा. मंत्रीसाहेब, सादर नमस्कार.

मी बेळगावजवळ हायवेला लागून असलेल्या एका पार्सल हबमध्ये पाच वर्षं यार्ड कंट्रोलर आहे. हबचं नाव लिहीत नाही, पोट अजून त्याच्यावरच आहे. डिसेंबरच्या अधिवेशनात सुवर्णसौधच्या, म्हणजे कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनाच्या, बाहेर आम्ही सात जणांनी निवेदन दिलं होतं. एका अधिकाऱ्यांनी ते घेतलं, पंधरा दिवसांत तपासणीला माणूस पाठवतो म्हणाले. आज चौथा महिना चालू आहे, कोण फिरकलं नाही. आणि गेल्या महिन्यात माझ्या उजव्या पायावरून ट्रकचं चाक गेलं. दोन बोटं काढली.

यार्ड कंट्रोलर म्हणजे वॉचमन नव्हे. हे आधी सांगतो, कारण दवाखान्याच्या कागदावर पण कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं वॉचमनच लिहून दिलं. गाडी गेटातून आत आली की नंबर, सील, बिल्टी म्हणजे मालाची पावती तपासायची, कुठल्या डॉकला, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या फलाटाला, लावायची ते ठरवायचं, रिकामी झालेली काढायची, भरलेली वेळेत सोडायची. पुण्याची चारला सुटली पाहिजे, हुबळीची पाचला, एक डॉक अडला की मागची रांग सर्व्हिस रोडवर जाते आणि सगळे माझ्या नावानं ओरडतात. रात्रीत साठ-सत्तर गाड्या, दिवाळीत शंभरच्या वर असतील, मोजत बसायला वेळ कुणाला आहे. 32 फुटी कंटेनर मागं घेताना ड्रायव्हरला पाठीमागचं काहीच दिसत नाही, म्हणून मागं उभारून हात दाखवायला वेगळा माणूस लागतो. आमच्याकडे तो पण मीच. एका हातात टॉर्च, एका हातात वॉकीटॉकी.

सहा नंबर डॉकवरचा लाइट नोव्हेंबरपासून बंद होता. आम्ही निवेदनात पहिलाच मुद्दा तोच लिहिला होता, साहेब, पहिलाच. त्या रात्री पावणेतीनला गाडी मागं येत होती, मी मागं सरकलो तर तिथं कुणीतरी माल रचायचं रिकामं पॅलेट टाकलेलं, अडखळून पडलो. ओरडलो पण बाजूच्या दोन गाड्यांची इंजिनं चालू, त्याला काय ऐकायला येणार. कडोली बाजूचा एक लोडर पोरगा पळत येऊन "दादा खाली आहेत, दादा खाली आहेत" करत पत्र्यावर हात आपटत राहिला म्हणून गाडी थांबली, नाहीतर हे पत्र माझ्या बायकोला लिहावं लागलं असतं. ड्रायव्हरचा दोष नाही. सलग दुसरी रात्र चालवत होता, आणि हबमध्ये त्याला पाठ टेकायला जागा नाही की संडास नाही.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा म्हणाल तर 2017 पासून महिना 21 हजार पगाराची मर्यादा आहे. दोन वर्षांमागं माझा पगार चारशे रुपयांनी तिच्यावर गेला आणि कार्ड बंद. चारशे रुपयांसाठी माझ्या म्हाताऱ्या आईचं पण औषध गेलं. ते दिल्लीचं खातं म्हणून तुम्ही हात वर कराल, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कंपनीकडं जा, कंपनी म्हणते तू आमचा माणूसच नव्हेस. कामावर जखम झाली तर मालकानं भरपाई द्यायची हे इंग्रजांनी 1923 ला कायद्यात लिहिलं. शंभर वर्षं झाली, आणि मी कुबडी घेऊन तीन ऑफिसांच्या पायऱ्या चढतोय, बायकोच्या पाटल्या गहाण आहेत. 2023 ला कारखान्यात 12 तासांच्या पाळीची वाट तुमच्याच विधानसभेनं मोकळी केली. आमचं हब कारखाना नाही असं लाइट मागताना सांगतात, मग 12 तास तेवढे आमच्याकडे कसे काय आले?

आणखी एक. निवेदन मराठीत होतं म्हणून आधी ते घ्यायलाच तयार नव्हते, कन्नडमध्ये आणा म्हणाले. मला कन्नड येतं साहेब, चांगलं येतं, माझे निम्मे मित्र कन्नड आहेत, भांडण भाषेशी नाहीच. पण घटनेच्या 350 कलमात राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं असं लिहिलंय. यार्डातला सेफ्टी बोर्ड कन्नड आणि इंग्लिशमध्ये आहे, आणि रात्रपाळीचे बहुतेक लोडर मराठी शाळेत सातवी-आठवी शिकलेले. तो बोर्ड मग कुणासाठी लावलाय?

डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले तेव्हा आमच्या यार्डातले ड्रायव्हर बाहेर पडायला तयार नव्हते, मी घरून भाकरी आणून दिल्या. त्यात कन्नड ड्रायव्हर पण जेवले. 1956 पासून हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, 2004 पासून कोर्टात दावा, दोन्हीकडचे पुढारी 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेच्या दिवशी, आमच्या नावानं गळा काढतात आणि 2 नोव्हेंबरला आम्ही परत त्याच अंधारात गाड्या लावतो. बेळगाव कुणाचं ते ठरेल तेव्हा ठरेल. बेळगावातल्या माणसाचा पाय कुणाचा, ते कोण सांगणार? इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे निवडणूक आली की येऊन हार घालून जातात, आणि मत मात्र दर वेळी आमच्याकडूनच पाहिजे.

मला सत्कार नको, मदतीचा चेक घेताना फोटो नको. सहा नंबरला लाइट, गाडी मागं घेताना एक वेगळा माणूस, मराठीत बोर्ड, ड्रायव्हर लोकांना संडास, आणि माझी भरपाई. तपासणी दिवसा ठेवू नका, दिवसा सगळं झाडून ठेवतात. रात्री दोनला या, न सांगता. पुढच्या सोमवारपासून मी परत कामावर आहे, गेटच्या केबिनमध्ये खुर्ची दिली आहे. सहा नंबर तिथनं दिसत नाही, आणि तिथं आता तोच कडोलीचा पोरगा टॉर्च घेऊन उभारतोय.

आपला,
बेळगाव तालुक्यातला एक यार्ड कंट्रोलर