यम आपलाच आहे, आणि त्याला शेजारीही आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला कार्टूनमधल्या देवांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून सकाळचा डबा करून आधी लिहायला बसले. वेगवेगळ्या धर्मांचे देव आणि स्वर्ग-नरक एकाच कार्टूनमध्ये आणले की मुलांचा गोंधळ होतो, हे लेखकाचं मत, असू दे. पण ड्रॅगन बॉल झी या जपानी कार्टूनमधल्या किंग येम्माला ‘कुठलातरी जपानी राक्षस’ म्हणून मोकळे झालात? अहो तो आपला यम आहे! बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेला, तिथे यान्लुओ झाला, जपानमध्ये एन्मा. खोटं बोललास तर एन्मा जीभ उपटेल असा दम तिथल्या मुलांना देतात. कार्टूनमध्ये तो भल्यामोठ्या टेबलामागे बसून आत्म्यांचा निकाल लावतो आणि हाताखाली शर्ट-टाय घातलेले शिंगवाले कारकून, आता यात चित्रगुप्ताची वही आठवायला किती वेळ लागतो?

आणि ही सरमिसळ कार्टूनवाल्यांनी थोडीच सुरू केली? जपानमध्ये सात शुभदेव एकाच नावेत बसवलेत. त्यातली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोन म्हणजे वैश्रवण कुबेर, दाइकोकु मूळचा महाकाल, शेजारी चीनकडून आलेले देव आणि एबिसू तिथला घरचा. नवीन वर्षाला त्या नावेचं चित्र उशीखाली ठेवून झोपतात, चांगलं स्वप्न पडावं म्हणून.

मी हे सगळं शोधलं ते मुलासाठी. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले आणि पाच महिन्यांनी शेजारचे काका, ते वसईचे ख्रिश्चन, दोघांची संध्याकाळची रमी कधी चुकली नाही. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. म्हणाला, आई, आजोबा यमाकडे गेले आणि काका येशूकडे, मग आता रमी कुठे खेळणार? मला काही बोलताच आलं नाही. मग त्यानेच चित्र काढलं. एका दाराशी यम आणि रेडा, दुसऱ्या दाराशी स्वर्गाच्या किल्ल्या घेतलेला सेंट पीटर, लांब कोपऱ्यात जुन्या इजिप्तचा मृत्यूचा देव अनुबिस तराजूत काळीज आणि पीस तोलतोय, आणि मधल्या बुटक्या कुंपणावर फळी टाकून आजोबा आणि काका पत्ते पिसतायत. ते चित्र आमच्या इथल्या गणपतीतल्या स्पर्धेत दिलं तर मागे लाल पेनाने ‘देवांची चेष्टा’ असं लिहून परत आलं. पोरगं रडलं नाही, पण त्यानंतर त्याने एकही देव काढलेला नाही. आजपर्यंत मी यावर कुणाशी भांडले नाही, कालचा लेख वाचून वाटलं तेव्हाच भांडायला हवं होतं.

मला तर असंच कार्टून हवंय, दारं वेगळी आणि कुंपण बुटकं. कारण नियम खरंच वेगळे आहेत. जुन्या स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या वल्हाल्लात, म्हणजे त्यांच्या वीरांच्या स्वर्गात, लढताना मेलेलेच जाणार, ख्रिश्चनांचा स्वर्ग कायमचा, आणि आपला? गीतेत स्वच्छ लिहिलंय, ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’, पुण्य संपलं की परत खाली. हे सगळं पुसून कोणीही मेला तरी त्याच पांढऱ्या ढगावर पंख लावून बसवतात ना, त्यावर टीका करा, मी तुमच्या बाजूने आहे. देवादेवांची कुस्ती लावून कोण जिंकतो दाखवणं, तेही नको. जपानमध्येच २००६ पासून ‘सेंट यंग मेन’ ही चित्रकथा चालू आहे, त्यात येशू आणि बुद्ध तोक्योतल्या ताचिकावात एका खोलीत भाड्याने राहतात, दोघं आपापल्या जागी आणि तरी एकत्र. जमतं की!

जाता जाता, रविवारची मुलांची चार पानं होती ती एकावर आणलीत आणि त्यातही अर्धी जाहिरात. मुलांच्या गोंधळाची एवढी काळजी आहे तर ती पानं आधी परत द्या.

चित्राची झेरॉक्स सोबत जोडलीय. छापलीत तर मुलाचं नाव घालू नका. झेरॉक्स परत पाठवायची गरज नाही, मूळ चित्र सासऱ्यांच्या फोटोमागे ठेवलंय.

आपली,
एक वाचक, डोंबिवली