गावठी कट्ट्याचा माग काडतुसावरून

मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्याचे उमर्टी गाव आपल्या चोपडा तालुक्याला खेटून आहे. पुण्यात पकडलेल्या गावठी पिस्तुलांच्या तपासात त्याचे नाव वारंवार येते. छापे पडतात, छायाचित्रे छापून येतात. पण खरा माग पंचनाम्यातच हरवतो. ‘एक गावठी कट्टा, दोन जिवंत काडतुसे’ एवढ्यावर भागवले, तर पुढे काय शोधणार?

कट्ट्यावर अनुक्रमांक नसतो. काडतूस मात्र बहुधा कारखान्यातले असते, आणि त्याच्या बुडावर उत्पादकाची खूण व कॅलिबर (गोळीच्या व्यासाचे माप) उठवलेले असते. ते अक्षर न् अक्षर उतरवावे, जवळून फोटो घ्यावा. नुसत्या खुणेवरून विक्रेता कळत नाही, म्हणून खोके मिळाल्यास त्यावरचा लॉट क्रमांकही नोंदवावा आणि दोन्ही राज्यांतील परवानाधारक दुकानांच्या साठा नोंदवहीशी ताडावा. परवान्यावरची काडतुसे बाहेर कशी पाझरतात, हे तिथेच उमगेल.

घटनास्थळच्या रिकाम्या पुंगळीवर फायरिंग पिनचा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या खिळीचा, ठसा राहतो. दोन्हीकडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी या ठशांची छायाचित्रे एकमेकांना नियमित पाठवली, तर एकच कट्टा दोन गुन्ह्यांत वापरल्याचा संशय लवकर येईल. खात्री अर्थात मूळ पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवूनच.

शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने शस्त्रांच्या अवैध तस्करीला किमान १० वर्षे शिक्षा ठेवली आहे. पण गुन्हा नुसते शस्त्र बाळगल्याचा नोंदवला, तर पुरवठादार नामानिराळाच राहतो.

– एक वाचक, जळगाव