कान टोचताना आईला बाहेर पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाचे कान टोचायला माणसं आमच्या दुकानात येतात तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हिला बाहेर बसवा, हिला बघवणार नाही." ही म्हणजे बाळाची आई. मग आत्या डोकं धरते, काका पाय धरतात, कुणीतरी मोबाइल घेऊन समोर उभं राहतं. आणि जिच्या वासाने, आवाजाने, दुधाने ते लेकरू शांत होतं, ती दुकानाच्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसलेली असते. याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं.

मी वाईतल्या एका सोनाराच्या घरातली सून. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी टोचण्याचं काम माझ्याकडे दिलं. तारेला कानशीने टोक काढणं, कानाची पाळी खिडकीच्या उजेडाकडे धरून तिच्यातली पातळ जागा शोधणं, दोन्ही कानांवरच्या खुणा बाळ सरळ समोर बघत असताना करणं, हे सगळं त्यांचं शिकवलेलं. बाळाला किती दुखतं, याची चर्चा मात्र आमच्या धंद्यात फारशी कुणी करत नव्हतं. "एवढ्याशा जीवाला काय कळतंय", "रडलं की छाती मोकळी होते", "दोन मिनिटांत विसरतं" ही वाक्यं गिऱ्हाइकाकडूनही येतात आणि गल्ल्यामागूनही.

बारशाच्या बाळाला खरंच कळतं का, हे मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी हबकले. 1980च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतही नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता होत असत, कारण त्यांच्या मज्जासंस्थेची वाढ पुरी झालेली नाही, त्यांना वेदना कळत नाही, असा समज होता. तो मोडून काढण्यात मोठा वाटा एका भारतीय डॉक्टरांचा आहे. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 साली सप्रमाण मांडलं की नवजात बाळाला वेदना होतेच आणि तिचा ताण त्याच्या सगळ्या शरीरावर पडतो. पुढे 1997 साली टोरांटोच्या डॉ. ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच सुंता झालेले मुलगे चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळत होते. सुंतेच्या वेळी बधिर करणारं मलम लावलं होतं त्यांच्यात हा फरक कमी दिसला. म्हणजे "दोन मिनिटांत विसरतं" हेही तितकंसं खरं नाही.

आता आईविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणाच्या वेळची वेदना कमी करण्यासाठी ज्या गोष्टी सुचवल्या, त्यांत बाळाला आईने किंवा सांभाळणाऱ्या माणसाने जवळ घेणं आणि अंगावर पाजणाऱ्या आईने सुई टोचताना किंवा त्याच्या थोडं आधी पाजणं, या दोन्ही आहेत. दूध ओढणं, त्याची गोडी, आईच्या अंगाची ऊब हे सगळं एकत्र आलं की बाळाला कळ कमी जाणवते. यात खर्च काहीच नाही. दुकानात एक आडोसा लागतो आणि भोवतालच्यांनी थोडा धीर धरावा लागतो.

आम्ही कोपऱ्यात पडदा लावून पाठीला टेकण असलेली खुर्ची ठेवली आहे. आई बाळाला पाजायला घेते. बाळ कुशीवर असल्यामुळे त्याचा एक कान आपोआप वर येतो. ते नीट ओढायला लागलं, मुठी सैल झाल्या, की मी तो कान टोचते. बहुतेक बाळं दचकतात, तोंड सोडतात, एकदा मोठ्याने रडतात आणि पुन्हा प्यायला लागतात. मग आई बाजू बदलते, की दुसरा कान वर. दोन्ही कानांच्या मध्ये मी घाई करत नाही. बाळ शांत होऊन पुन्हा ओढायला लागेपर्यंत थांबते. बाहेर उभी असलेली मंडळी "झालं का, झालं का" करत असतात, त्यांना करू द्यावं. आईला घेरी येईल अशी भीती असेल तर तिने कानाकडे बघायचं नाही, बाळाच्या डोळ्यांकडे बघायचं. एवढं सांगितलं की बहुतेक बाया घट्ट बसतात. खरं तर आई हळवी असते म्हणून तिला दूर करायचं, हेच मला पटत नाही. तिला सोसवत नाही असं आपण ठरवतो आणि मग सोसायला लागतं ते बाळाला.

हे कुणाला नवं खूळ वाटेल, पण तसं नाही. गावातल्या एका वैद्यांनी मला सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय समजावून सांगितला. त्यात कर्णवेध सहाव्या किंवा सातव्या महिन्यात सांगितला आहे. मूल दाईच्या मांडीवर बसवावं, खेळणी दाखवून त्याचं मन रमवावं, त्याला समजावत राहावं, आणि जिथून सूर्याचा उजेड आरपार दिसतो त्या नैसर्गिक जागी हळूहळू, सरळ टोचावं, असं त्यात आहे. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. सासरे खिडकीकडे कान का धरायचे ते मला त्या दिवशी कळलं. हातपाय दाबून धरायला माणसं उभी करा, असं त्यात नाही. परंपरा म्हणून कान टोचणाऱ्यांनी परंपरेतली ही खेळणीही घ्यावीत.

सहाव्या महिन्याचा मुद्दाही धरून ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं आणि त्यातच कान उरकून टाकायचे असतात. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची लस असलेले पेंटाव्हॅलंटचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. म्हणून मी लसीकरणाचं कार्ड मागते आणि तिसरा डोस झाल्याशिवाय टोचत नाही. नाव बाराव्या दिवशी ठेवा, सुंकल्या नंतर घाला. यावरून आजीबाई रागावून दुसऱ्या दुकानात गेल्याचंही झालं आहे.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के असलेलं मलम मिळतं. ते लावून, वर पट्टी झाकून साधारण तासभर ठेवावं लागतं, तेव्हा कातडी बधिर होते. लावून पाच मिनिटांत टोचलं तर ते नुसतं दाखवायला. मोठ्यांना ते उपयोगी आहे, पण लहान बाळाला डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्याशिवाय लावू नये, कारण जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. बर्फ मी बाळाला लावत नाही. त्याची नाजूक कातडी पोळते आणि पाळीही कडक होते. रुग्णालयात लहान बाळांना सुई टोचायच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर साखरेच्या द्रावाचे थेंब देतात, त्याचा उपयोग होतो, पण ते त्यांचं मोजमापाचं काम आहे. दुकानात बाळ आईच्या मांडीवर असेल तर त्याची गरजच पडत नाही. आणि एक कळकळीची विनंती, रडं थांबवायला मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

हत्याराचाही वेदनेशी संबंध आहे. सोन्याची तार मऊ, तिचं टोक लवकर बोथट होतं, म्हणून आता मी एकदाच वापरायची निर्जंतुक सुई वापरते आणि तार तिच्यामागून ओवते. जिकडेतिकडे दिसते त्या बंदुकीत सुई नसतेच. कानातल्याची दांडी स्प्रिंगच्या जोराने पाळीतून ढकलली जाते, कानाशीच मोठा खटका वाजतो आणि बाळ वेदनेइतकंच आवाजाने घाबरतं. प्लास्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या कडक वाफेत घालून निर्जंतुकही करता येत नाही.

गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकातली मुलं भिकबाळीसाठी येतात, त्यांच्याबद्दल थोडं. भिकबाळी कानाच्या वरच्या भागात, म्हणजे कूर्चेत. तिथे पाळीपेक्षा जास्त दुखतं आणि जखम भरायला कित्येक महिने जातात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथे पू झाला तर कानाचा आकार बिघडू शकतो. तिथे बंदूक अजिबात चालवून घेऊ नका. मुलं उपाशीपोटी येतात, मित्रांसमोर हसत उभी राहतात आणि सुई लागल्यावर पांढरी पडतात. खाऊन या, मागे टेकून बसा, श्वास सावकाश सोडा. मी सोडत्या श्वासावर टोचते. दुखू नये म्हणून आधी ॲस्पिरिन घेऊन येऊ नका, रक्त वाहत राहतं. चक्कर आलीच तर आडवं करून पाय थोडे उंच ठेवायचे.

नाक टोचायला येणाऱ्या शाळकरी मुलींना घरचे सांगतात, "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं." ती पोरगी मग आमच्यावर आणि तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. तिला खरं सांगा. एक कळ येईल, डोळ्यांतून पाणी येईल, ते रडणं नसतं, नाकाला टोचलं की डोळ्यात पाणी येतंच. दहापर्यंत मोज, तोवर झालेलं असेल. आणि ती "नको" म्हणाली तर तिला घरी घेऊन जा. नथ चापाचीही मिळते.

टोचल्यानंतरचं दुखणं बहुतेक वेळा ओढण्यामुळे असतं. बाळाला डोक्यावरून घालायचे कपडे काही आठवडे नकोत, पुढून बांधायचं झबलं बरं. टोपड्याची नाडी कानात अडकते, तिच्यावर लक्ष ठेवा. पाळीची जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हात धुऊन सलाइनने पुसायचं, तार गरगर फिरवायची नाही. हळद-खोबरेलाचा लेप मी लावू देत नाही, त्यात धूळ चिकटते आणि खपली धरून राहते. लाली पसरली, पाळी गरम लागली, ताप आला तर सोनाराकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा.

आमच्या व्यवसायातल्या बंधू-भगिनींना सांगणं आहे की पडदा आणि खुर्ची यांना मोठी जागा लागत नाही. आणि आपल्याला विनंती अशी की आपल्या आरोग्यविषयक पानावर एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं, शक्यतो उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, कारण कान-नाक टोचायची गर्दी तेव्हाच होते. डॉक्टरांचं छापून आलेलं कात्रण मी दुकानात काचेखाली लावीन. आजीबाईंना माझ्यापेक्षा ते जास्त पटेल.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)