रोजच्या वचनाला त्याच्या मागचे-पुढचे वचनही हवे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी मराठी ख्रिस्ती घरांतल्या मोबाइलवर बायबलमधले एक वचन येऊन पडते. मागे सूर्योदय किंवा डोंगर, मध्ये दीड ओळ, खाली चार वाक्यांचे मनन आणि प्रार्थना. नाताळ आणि गुड फ्रायडेच्या सुमारास असेच मजकूर वर्तमानपत्रांतही येतात. हे काम प्रेमाने होते आणि त्याने अनेकांचा दिवस सुरू होतो, म्हणूनच त्यातली एक चूक वेळीच सांगायला हवी. शास्त्रातले प्रत्येक वाक्य कोणीतरी, कोणालातरी, कशाच्यातरी प्रसंगी म्हटलेले आहे. रोजच्या मननात नेमके तेवढेच गळते.

ईयोब 8:7, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचे सातवे वचन घ्या. ‘तुझा आरंभ लहान असला तरी शेवटी तुझी फार भरभराट होईल,’ अशा अर्थाचे हे वचन दुकानाच्या उद्घाटनाला आणि नव्या वर्षाच्या कार्डांवर दिसते. ते बोलतो कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद शूही. ईयोबाची सात मुले आणि तीन मुली एका दिवसात घराखाली दबून मेली आहेत, आणि त्या बापासमोर बसून बिल्दद तीनच वचने आधी, 8:4 मध्ये, सुचवतो की त्यांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव स्वतः म्हणतो की ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. म्हणजे ज्या बोलण्याबद्दल देवाने रागे भरले, तेच आपण आशीर्वाद म्हणून वाटतो आहोत.

लूक 4:7 ही ओळही सुटी वाचली तर मोठे अभिवचन वाटेल: तू मला नमन केलेस तर हे सगळे तुझे होईल. बोलणारा सैतान आहे. त्याच अध्यायात पुढे तो स्तोत्र 91 मधली 11 आणि 12 ही वचने म्हणून दाखवतो, आणि म्हणताना ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे हा काही माणसाच्या नित्याच्या चालण्याचा मार्ग नव्हे, म्हणून ते शब्द त्याला अडचणीचे होते. येशू त्याला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6:16 मधून उत्तर देतो. वचनाला वचनाने उत्तर देता येते, पण त्यासाठी दुसरे वचन पाठ असावे लागते.

सर्वांत जास्त फिरणारे वचन यिर्मया 29:11. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो’, हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या, व्हिसाची वाट पाहणाऱ्या, दहावीच्या निकालाला बसलेल्या प्रत्येकाला ते पाठवले जाते. हा मजकूर एका पत्रातला आहे. यरुशलेमेहून यिर्मया संदेष्ट्याने ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, पकडून नेलेल्या लोकांना लिहिले. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येईल. यिर्मयाचे पत्र म्हणते: घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण 70 वर्षे जायची आहेत. हे आकडे 29:10 मध्ये, म्हणजे लाडक्या वचनाच्या अगदी वरच्या ओळीत आहेत. ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला आपण परतणार नाही हे त्याच क्षणी कळले असेल. त्याला दिलेली आशा नातवंडांसाठी होती, आणि त्याचे आजचे काम परक्या मातीत रोप लावणे हे होते. आखातात, मुंबईच्या एका खोलीत किंवा बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला हे पूर्ण पत्र त्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त देते. पण त्यासाठी मननात किमान 4 ते 14 ही वचने वाचायला सांगितली पाहिजेत.

फिलिप्पै 4:13 परीक्षेच्या दिवसांत फिरते: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला हे पत्र कैदेतून लिहितो. 11 आणि 12 मध्ये त्या ‘सर्वकाही’चा अर्थ दिलेला आहे: पोटभर मिळाले तरी आणि उपाशी राहावे लागले तरी, भरभराटीत आणि अडचणीत, समाधानी राहायला मी शिकलो. लगेच 14 मध्ये तो त्या मंडळीचे आभार मानतो, की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केले. देवाकडून बळ मिळालेला हा माणूस शेजाऱ्याची मदत नाकारत नाही. नापास झालेल्या मुलाला हे वचन वाचून दाखवावे. त्याला ते पास झालेल्यापेक्षा जास्त लागू आहे.

आता मनन प्रत्यक्ष कसे तयार करावे. निवडलेले वचन आधी मोठ्याने, ओठ हलवून तीनदा वाचावे. मग वरची पाच आणि खालची पाच वचने वाचावीत आणि कागदावर दोनच गोष्टी लिहाव्यात: कोण बोलतो, कोणाशी बोलतो. पत्र असेल तर ते कोणत्या मंडळीला आहे, स्तोत्र असेल तर विनवणी आहे की उपकारस्तुती, हेही पाहावे. नंतर वचनातली क्रियापदे अधोरेखित करावीत, कारण चूक बहुतेक वेळा तिथे कळते. देवाने करायचे काम आणि आपण करायचे काम यांची अदलाबदल क्रियापदातच होते. शेवटी वचनाचा अर्थ ‘कृपा’, ‘गौरव’, ‘आशीर्वाद’ हे शब्द न वापरता एका साध्या मराठी वाक्यात लिहून पाहावा. ते जमले नाही तर अर्थ अजून हाती आलेला नाही, त्या दिवशी लिहू नये. पूर्ण मनन दीडशे ते दोनशे शब्दांच्या वर जाऊ नये. सकाळच्या गडबडीत घरच्या प्रार्थनेत मोठ्याने वाचायला दीड-दोन मिनिटेच मिळतात, आणि मागून गाणे आणि प्रार्थना व्हायची असते.

प्रार्थना लिहिताना फार मोठी चूक होते: मननच पुन्हा देवाला समजावून सांगितले जाते. ‘हे प्रभू, तू आपल्या वचनात सांगतोस की...’ अशी सुरुवात झाली की पुढची पाच वाक्ये डोळे मिटून केलेले प्रवचन होतात. स्तोत्र 23 कडे पाहा. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि त्या ओळीत ‘तो’चा ‘तू’ होतो: ‘तू माझ्याबरोबर आहेस’. कुरणात असताना देवाविषयी बोलता येत होते, दरीत देवाशीच बोलावे लागले. सहा वचनांच्या स्तोत्रात प्रार्थना नेमकी तिथे सुरू होते. लगेच ‘तुझी आकडी व तुझी काठी’ येते. धनगराच्या हातातली काठी पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको: काठीने लांडगा हाकलायचा, आकडीने खड्ड्यात गेलेले मेंढरू ओढून घ्यायचे. एवढ्यावर प्रार्थना अशी होऊ शकते:

‘हे परमेश्वरा, पुढची वाट मला दिसत नाही. तू जवळ आहेस असे मी म्हणतो, पण आज मला भीती वाटते. मी कडेला गेलो तर तुझ्या आकडीने मला मागे ओढ, दुखले तरी ओढ. आमच्या गल्लीत जे घर आज दुःखात आहे त्याच्याही बरोबर राहा. येशूच्या नावाने मागतो. आमेन.’

पाच लहान वाक्ये आणि आमेन. प्रत्येक वाक्य एका श्वासात म्हणता येते, म्हाताऱ्या आजीला आणि पाचवीतल्या मुलाला मागोमाग म्हणता येते. शब्द त्याच वचनातले आहेत, मागणे एकच आहे, आणि शेजारी विसरलेला नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ आहे. तिथे ‘माझी’ कुठेही नाही.

भाषेबद्दल. परदेशी मनने यंत्राकडून मराठीत आणून पाठवण्याची पद्धत वाढली आहे. त्यात ईयोबाच्या पुस्तकाची (इंग्रजीत Job) ‘नोकरी’ होते, प्रेषितांच्या कृत्यांचे (Acts) ‘कायदे’ होतात, स्तोत्राचे ‘भजन’ होते. हे निदान डोळ्यांना दिसते. मराठी कानाला न रुचणारी वाक्यरचना मात्र खपून जाते आणि हळूहळू आपली प्रार्थनाही तशीच बोलू लागते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले ते खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावे म्हणून. त्या 1922 मध्ये गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते बायबल 1924 मध्ये बाहेर आले. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सने गोव्यात ख्रिस्तपुराण ओव्यांत छापले. ज्या भाषेत हे झाले आहे, तिच्यात रोजचे दोनशे शब्द स्वतःच्या हाताने लिहिणे कठीण नाही.

संदर्भाचे आकडेही जपावेत. ‘देव प्रीती आहे’ हे 1 योहान 4:8 मध्ये आहे. आधीचा 1 टाकायचा राहिला की वाचक योहानाच्या शुभवर्तमानात जातो, आणि तिथे 4:8 मध्ये शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले होते एवढेच आहे. स्तोत्रांत आणखी एक घोटाळा आहे. जुन्या कॅथलिक पुस्तकांत 9 आणि 10 ही स्तोत्रे एकच धरलेली असल्याने पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे असतात, म्हणून तिथले 50 म्हणजे आपले 51. काही आवृत्त्यांत स्तोत्राचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात, 51 चे शीर्षक तर दोन वचनांचे धरतात, आणि 51:10 हे 51:12 होते. वसईतल्या कॅथलिक आणि अहिल्यानगरातल्या प्रॉटेस्टंट वाचकांचा यावरून उगाच वाद होतो. संदर्भाखाली ‘सुबोध बायबल’, बायबल सोसायटी की रमाबाई, एवढे भाषांतराचे नाव दिले की तो मिटतो.

वचन रोज एकच द्यायचे असेल तरी चालेल. जर्मनीतल्या हर्नहुट गावात मोरावियन मंडळीने 1728 पासून हेच केले आणि 1731 पासून ती वचने पुस्तिकेत छापली जातात. जुन्या करारातले वचन ते चिठ्ठी टाकून काढतात, पण त्याला जुळणारे नव्या करारातले दुसरे वचन विचारपूर्वक निवडून शेजारी ठेवतात. ते वचन एकटे जात नाही. चिठ्ठी नको असेल तर रोज पाच स्तोत्रे वाचली की 150 स्तोत्रे महिन्यात होतात, नीतिसूत्रांचे 31 अध्याय तारखेप्रमाणे चालतात आणि चारही शुभवर्तमानांचे 89 अध्याय रोज एक याप्रमाणे तीन महिन्यांत संपतात. असे क्रमाने वाचले म्हणजे आवडीची वचने निवडण्याचा मोह राहत नाही.

आणि हा मोह आम्हाला सर्वांत घातक वाटतो. स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण सकाळच्या चित्रांवर ती जवळपास कधीच येत नाहीत. स्तोत्र 13 पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ’ असे चार वेळा विचारते. स्तोत्र 88 अंधारावरच संपते, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही. ‘रोज सकाळी नवी होणारी दया’ सगळ्यांना ठाऊक आहे. ती विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात 22 आणि 23 मध्ये आहे, आणि हे पुस्तक यरुशलेम जळून गेल्यावरचे आहे. भुकेने मुले आयांच्या मांडीवर प्राण सोडतात हे दुसऱ्या अध्यायात आहे. ज्याने ते लिहिले त्याने सकाळ राखेत बसून पाहिली. इस्पितळाच्या वॉर्डात रात्रभर बसलेली बाई पहाटे मोबाइल उघडते, तेव्हा तिला फुलांवरची दीड ओळ पुरत नाही. तिच्या मनातले शब्द शास्त्रात आधीच आहेत, ते तिच्यापर्यंत पोचवणे मनन लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

आपल्याकडे एक विनंती. गुड फ्रायडेच्या अंकात वधस्तंभावरचे उद्गार छापले जातात, त्यांत ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा उद्गार असतो. ती स्तोत्र 22 ची पहिली ओळ आहे. येत्या गुड फ्रायडेला ते पूर्ण स्तोत्र, सगळी 31 वचने, एका चौकटीत, भाषांतराच्या नावासह आणि कोणत्याही चित्राशिवाय छापावे.

आपले,
रोजचे मनन लिहिणारे काही वाचक,
अहिल्यानगर